सी विंग विल नॉट: इंग्रजी वाक्यात काय गाळायचं आणि काय ठेवायचं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या धुवायच्या होत्या. नोटीस लिहायचं काम सेक्रेटरींनी माझ्या गळ्यात घातलं, कारण पोटासाठी मी तेच करते, दुसऱ्यांचं इंग्रजी दुरुस्त करते. बोर्डावर जागा कमी होती, म्हणून आटोपशीर लिहिलं: ‘वॉटर सप्लाय टू ए विंग विल बी क्लोज्ड ऑन सॅटर्डे अँड टू बी विंग ऑन संडे. सी विंग विल नॉट.’

शुक्रवारी रात्री सी विंगमध्ये पिंपं भरली गेली, कळश्या भरल्या, कुकर भरले, एका घरी तर पोराचा आंघोळीचा टबसुद्धा. तळमजल्यावरच्या काकूंनी तांदूळ धुतलेलं पाणीही टाकलं नाही, झाडांसाठी बाजूला ठेवलं. शनिवारी सकाळी नळ नेहमीसारखे धो धो वाहत होते. रविवारीही. सोमवारी जिन्यात मला चारजणांनी अडवलं.

मला म्हणायचं होतं, सी विंगचं पाणी बंद होणार नाही. त्यांनी वाचलं, सी विंगला पाणी मिळणार नाही. ‘विल नॉट’च्या पुढची जागा मी मोकळी सोडली, आणि ज्याने त्याने आपापल्या काळजीने ती भरली. मुंबईत पाण्याच्या नोटिशीत ‘नाही’ दिसलं की माणूस दुसरं काय समजणार?

चूक माझीच होती. पण ती नेमकी कुठली, हे जिन्यात उभं राहून सांगता येईना. मागच्या वाक्यातला मजकूर पुढच्या वाक्यात परत लिहायचा नाही, वाचकाने तो मनात धरायचा, ही सोय जगातल्या सगळ्या भाषांत आहे. मराठीत ती आपण दिवसभर, न कळत वापरतो. इंग्रजीत लिहायला बसलो की मात्र दोन टोकं होतात. एक तर प्रत्येक वाक्यात सगळं पुन्हा लिहितो, नाही तर मराठीच्या सवयीने भलतंच गाळतो.

दोन दादर, एक सायन

बेस्टच्या बसमध्ये कंडक्टरला आपण म्हणतो, ‘दोन दादर, एक सायन.’ यात ‘तिकीट’ नाही, ‘द्या’ नाही, ‘मला’ नाही, ‘पर्यंत’ नाही. तरी बरोबर तीन तिकिटं हातात पडतात. लोकलमधली घोषणाही तशीच: पुढील स्टेशन दादर, अगला स्टेशन दादर, नेक्स्ट स्टेशन दादर. तीन भाषा आणि तिन्हींत क्रियापदाचा पत्ता नाही.

न लिहिलेला पण मनात धरायचा भाग म्हणजे अध्याहार. शाळेत ‘कर्ता अध्याहृत आहे’ असं बाई सांगायच्या, तोच हा. इंग्रजीत याला एलिप्सिस म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ ‘कमी पडणं’. लंबवर्तुळाचं इंग्रजी नावही त्याच शब्दातून आलेलं. तीन टिंबांच्या खुणेलाही एलिप्सिसच म्हणतात, पण त्या टिंबांशी आज आपलं काही काम नाही.

अध्याहाराचे दोन प्रकार लक्षात ठेवले की पुरे. बसमधल्या वाक्यातली रिकामी जागा परिस्थिती भरते: समोर कंडक्टर, हातात पैसे, बस चाललेली. लिखाणात ही मदत मिळत नाही. तिथे रिकामी जागा मागच्या वाक्यानेच भरायची असते. नोटीस वाचणाऱ्यासमोर मी उभी नव्हते. त्याच्याकडे फक्त माझी दोन वाक्यं होती, आणि अर्थात नळ.

ही काटकसर नवी नाही. इंग्रजीतला ‘डिट्टो’ सतराव्या शतकात इटालियनमधून आला. अर्थ ‘सांगितलेला’. महिन्याचं नाव परत परत लिहायला नको म्हणून तो वापरात आला. आपल्या जुन्या कागदपत्रांतला ‘मजकूर’ त्याचाच भाऊ म्हणायला हरकत नाही. अरबीतून आलेला, अर्थ ‘उल्लेख केलेला’. ‘साल मजकूर’ म्हटलं की वर लिहिलेलं तेच साल. आज आपण मजकूर हा शब्द लेखातल्या सगळ्या मजकुराला वापरतो, ते वेगळं.

या खेळातला खरा उस्ताद मात्र पाणिनी. अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रं आहेत आणि ती एवढी लहान राहिली याचं एक मोठं कारण म्हणजे अनुवृत्ती: मागच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात न लिहिता चालू ठेवायचा. सहाव्या अध्यायात ‘इको यणचि’ हे सूत्र आहे. त्यातला ‘अचि’ म्हणजे ‘पुढे स्वर आला असता’. इति आणि आदि मिळून इत्यादी होतं ते या सूत्राने. लगेच पुढचं सूत्र ‘एचोऽयवायावः’, ज्याने ने आणि अन मिळून नयन होतं. इथेही पुढे स्वर असण्याची अट आहेच, पण ‘अचि’ परत लिहिलेलं नाही. ते वरच्या सूत्रातून खाली ओघळतं. कुठला शब्द कुठून कुठपर्यंत ओघळतो यावर टीकाकारांनी पुढे शतकानुशतकं काथ्याकूट केला. म्हणजे गाळणाऱ्याचं काम झटपट झालं, वाचणाऱ्यांचं वाढलं. आमच्या सी विंगसारखंच.

मराठी जे ठेवते तेच इंग्रजी टाकते

आता मुद्द्याचं. घरातलं रोजचं बोलणं घ्या.

‘डबा घेतलास?’
‘घेतला.’

‘लोकल गेली का?’
‘गेली.’

कर्ता गेला, कर्म गेलं, उरलं एकटं क्रियापद. मराठीला ते परवडतं, कारण मराठी क्रियापदाच्या शेपटीत बरंच काही बांधलेलं असतं. ‘पोहोचलो’, ‘पोहोचले’, ‘पोहोचलास’, ‘पोहोचलीस’: कोण पोहोचलं, बोलणारा की ऐकणारा, बाई की पुरुष, सगळं एका शब्दात कळतं. मग ‘मी’ कशाला लिहा?

इंग्रजी याच्या बरोबर उलट वागते. ‘हॅज द ट्रेन लेफ्ट?’ याचं उत्तर नुसतं ‘लेफ्ट’ असं होत नाही. ‘यस, इट हॅज.’ म्हणजे मुख्य क्रियापद ‘लेफ्ट’ टाकून दिलं, आणि आपण बिनकामाचे समजून फेकले असते ते दोन शब्द, ‘इट’ आणि ‘हॅज’, जपून ठेवले.

असं का? इंग्रजी क्रियापदाच्या शेपटीत फारसं काही नसतं. ‘वेंट’ म्हटलं तर कोण गेलं ते कळत नाही. मी, तू, ती, ते, सगळ्यांना एकच ‘वेंट’. म्हणून कर्ता ठेवावा लागतो. आणि काळ, होकार, नकार यांचा भार ‘हॅज’, ‘विल’, ‘कॅन’, ‘डिड’ असली छोटी सहायक क्रियापदं वाहतात, म्हणून तीही ठेवावी लागतात.

सकाळच्या लोकलमध्ये सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं हे सहायक क्रियापद. माणूस अजून आलेला नाही, पण रुमाल बघून कळतं की ही जागा कुणाची तरी आहे. ‘आय हॅव पेड द मेंटेनन्स. मिस्टर जोशी हॅज नॉट.’ इथे ‘पेड द मेंटेनन्स’ हा अख्खा कुटुंबकबिला दुसऱ्या वाक्यात आलेलाच नाही. ‘हॅज’चा रुमाल तेवढा पडलाय. वाचक तो बघतो आणि मागच्या वाक्यातून माणसं आणून बसवतो.

मूळ वाक्यात सहायक क्रियापदच नसेल तर इंग्रजी उसना रुमाल आणते. तो म्हणजे ‘डू’. ‘माय सन लाइक्स मिसळ. माय हजबंड डज नॉट.’ पहिल्या वाक्यात ‘डज’ कुठेच नव्हता, दुसऱ्यात तो फक्त जागा धरायला आला. ‘टू’ हासुद्धा रुमालच. ‘वी आस्क्ड हिम टू अटेंड द मीटिंग. ही डिडन्ट वॉन्ट टू.’ शेवटी लटकणारा तो ‘टू’ आपल्याला अर्धवट वाटतो. इंग्रजांना मात्र तोच काढून टाकला तर वाक्य लंगडं वाटतं.

मराठीला रुमाल लागत नाही. ‘मी मेंटेनन्स भरला. जोशींनी नाही.’ विषय संपला. आपला ‘नाही’ एकटा उभा राहतो, ‘ही’ हे एक अक्षर तर त्याहून बहाद्दर: ‘जोशींनीही.’ इथून आपलं मुंबईचं इंग्रजी सुरू होतं. ‘जोशी ऑल्सो.’ ‘जोशी नॉट पेड.’ ‘आय केप्ट ऑन द टेबल.’ शेवटच्या वाक्यात काय ठेवलं ते नाही, कारण ‘मी टेबलावर ठेवलं’ यातही ते नसतं. इंग्रजीत तिथे ‘इट’ लागतोच. ‘आय गेव्ह यस्टर्डे’, ‘आय टोल्ड ऑलरेडी’ ही सगळी एकाच घरातली भावंडं. माणसाला इंग्रजी येत नाही असं नाही. तो गाळतोय मराठीच्या, हिंदीच्या, गुजरातीच्या नियमाने. या तिन्ही भाषा ‘घेतला?’ला ‘घेतला’ म्हणतात, म्हणून या शहरात ही वाक्यं कुणाच्या कानाला खटकत नाहीत.

आणि खरं सांगू? बोलण्यात ती खटकूही नयेत. मुलगा हॉस्टेलवरून ‘रीच्ड’ एवढाच मेसेज करतो तेव्हा मी त्याचं व्याकरण तपासत नाही. तसंही डायरीत, मेसेजमध्ये इंग्रजही कर्ता गाळतात, पूर्वी तारेतही गाळायचे. प्रश्न फक्त अर्जाचा, अहवालाचा, नोटिशीचा आहे, जिथे वाचणारा आपल्याला ओळखत नाही.

मराठी शेवटी चुकती करते, इंग्रजी आगाऊ भरते

दुसरा फरक क्रियापदाच्या जागेचा. ‘नाईकांनी रोख, जोशींनी चेकने आणि कुलकर्णींनी ऑनलाइन पैसे भरले.’ तीन माणसं रांगेत उभी आहेत आणि ‘पैसे भरले’ सगळ्यात शेवटी येतं. तोवर वाचक हिशोब उघडा ठेवून थांबतो. वाण्याकडे महिनाभर उधारी आणि एक तारखेला चुकती, तसं. इंग्रजीत हेच उलट: ‘नाईक पेड इन कॅश, जोशी बाय चेक, अँड कुलकर्णी ऑनलाइन.’ क्रियापद पहिल्यांदाच मोजून दिलं, पुढे वाचकाने ते पुरवून पुरवून वापरायचं.

भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉस यांनी १९७० मध्ये नेमक्या याच गोष्टीवर लिहिलं होतं: क्रियापद वाक्याच्या मध्ये ठेवणाऱ्या इंग्रजीसारख्या भाषा पहिलं क्रियापद ठेवून पुढची गाळतात, आणि जपानीसारख्या क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा आधीची गाळून शेवटचं ठेवतात. मराठीला दोन्ही जमतं. ‘मी मिसळ खाल्ली आणि त्याने वडापाव’ हेही चालतं, ‘मी मिसळ आणि त्याने वडापाव खाल्ला’ हेही. मिसळ स्त्रीलिंगी, वडापाव पुल्लिंगी, तरी कुणी भांडत नाही. जे क्रियापद दिसतं ते जवळच्या पदार्थाशी जुळवून घेतं.

आता लिहिताना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. ‘जोशी बाय चेक’ या प्रकारात रुमाल नाही, क्रियापद पार गायब आहे. म्हणून इंग्रजीत हा प्रकार ‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’ यांनी जोडलेल्या एकाच वाक्यात शोभतो. ‘नाईक पेड इन कॅश बिकॉज जोशी बाय चेक’ हे चालतच नाही. रुमालाचा प्रकार मात्र कुठेही चालतो: ‘बिकॉज’नंतर चालतो, पूर्णविराम ओलांडून चालतो, एकाने विचारलं आणि दुसऱ्याने उत्तर दिलं तरी चालतो. तेव्हा वाक्य ओलांडून काही गाळायचं असेल तर आधी रुमाल टाकलाय का ते बघायचं.

पूर्णविरामाच्या पलीकडे किती लांब?

फार लांब नाही. रुमाल टाकलेल्या सीटवर दोन स्टेशनं कुणी आलं नाही तर तिथे दुसरा बसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मागचंच वाक्य असेल तर वाचक निमूट जागा राखतो. मध्ये नवा विषय आला, दुसरा कर्ता आला, वेगळं क्रियापद आलं, की तो जवळचं जे सापडेल ते आणून बसवतो. ‘नाईक हॅज पेड. द लिफ्ट विल बी रिपेअर्ड इन मे. जोशी हॅज नॉट.’ यातल्या जोशींनी काय केलेलं नाही, लिफ्ट दुरुस्त की पैसे जमा?

अंतर वाढलं की इंग्रजी नुसती रिकामी जागा सोडत नाही, तिथे बदली कामगार ठेवते. नामाच्या जागी ‘वन’, क्रियापदाच्या जागी ‘डू सो’, अख्ख्या वाक्याच्या जागी ‘सो’ किंवा ‘नॉट’. ‘आय नीड अ न्यू पार्किंग स्टिकर. हॅव यू गॉट वन?’ ‘इज द मीटिंग कॅन्सल्ड? आय होप नॉट.’ हॅलिडे आणि हसन या दोघांनी १९७६ मध्ये इंग्रजी वाक्यं एकमेकांना कशी बांधलेली असतात यावर लिहिताना या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या: बदली शब्द, आणि जिथे बदलीसुद्धा नाही, नुसतं शून्य. अध्याहार म्हणजे शून्याची बदली, ही त्यांची मांडणी मला फार आवडते. ‘वन’ला मराठीत सरळ प्रतिशब्द नाही. आपण एक तर ‘आहे का?’ म्हणतो, नाही तर ‘स्टिकर’ परत म्हणतो. म्हणूनच आपल्या इंग्रजीत ‘हॅव यू गॉट?’ एवढंच उरतं.

पण शाळेत तर पूर्ण वाक्यात लिहायला सांगायचे

सांगायचे, आणि त्यांचं चुकलं नाही. ‘व्हेअर डिड द फार्मर गो?’ला ‘टू द मार्केट’ लिहिलं की अर्धा मार्क कापायचे. तो नियम पोराला ‘वेंट’ लिहिता येतं का, वाक्य उभं करता येतं का हे बघण्यासाठी होता. पोळ्या शिकताना आधी गोल लाटायला शिकवतात, तसं. पुढे आयुष्यभर तोच नियम पाळला की पत्र असं होतं: ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म. आय हॅव सबमिटेड द फोटोग्राफ. आय हॅव नॉट सबमिटेड द अफिडेव्हिट. आय विल सबमिट द अफिडेव्हिट ऑन मंडे.’ चारही वाक्यं शुद्ध आहेत, पण वाचताना गोदीत हातोडा पडतोय असं वाटतं. ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म अँड द फोटोग्राफ. आय हॅव नॉट सबमिटेड द अफिडेव्हिट, बट आय विल ऑन मंडे.’ चाराची दोन झाली, आणि राहिलेलं काय ते पटकन दिसलं. शेवटी ‘विल’ हा रुमाल आहे हे बघा. मागे ‘सबमिटेड’ होतं आणि इथे ‘सबमिट’ हवं, तो बदल वाचक स्वतः करून घेतो.

तो कधी करून घेत नाही, हेही सांगायला हवं. ऑफिसातल्या इंग्रजीत हे वाक्य हमखास सापडतं: ‘द कमिटी हॅज अँड विल कंटिन्यू टू सपोर्ट द रेसिडेंट्स.’ ‘हॅज’च्या पुढची जागा भरायला जा. ‘हॅज सपोर्ट’? हवं ‘हॅज सपोर्टेड’, आणि ते वाक्यात कुठेच नाही. इंग्रजी वाचकाला आगाऊ पैसे घ्यायची सवय आहे. पूर्ण शब्द आधी आला तर त्याचं रूप तो पुढे बदलून घेतो. आधी खड्डा आणि मग चुकीच्या मापाचा दगड आला तर अडखळतो. ‘इंटरेस्टेड अँड वरीड अबाउट’ची गतही तीच: ‘इंटरेस्टेड’ला ‘इन’ लागतो, ‘अबाउट’ नाही.

पुनरुक्ती टाळायला दुसरा शब्द घातला तर?

ही युक्तीही शाळेतलीच. एकच शब्द परत नको, समानार्थी वापरा. मग पहिल्या वाक्यात मुंबई, दुसऱ्यात महानगरी, तिसऱ्यात मायानगरी, चौथ्यात देशाची आर्थिक राजधानी. मराठी वर्तमानपत्रांनाही हा नाद आहे. परगावचा वाचक चार गावं मोजतो.

इंग्रजीत फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात या सवयीला ‘एलिगंट व्हेरिएशन’ असं नाव दिलं. नावात नजाकत आहे, पण ते उपहासाने दिलेलं. अहवालात आधी ‘टेनंट’, मग ‘ऑक्युपंट’, मग ‘रेसिडेंट’ लिहिलं तर वाचक म्हणणार, हे तीन वेगळे लोक असणार. नियमात तर तसे ते असतातही! माझा तरी क्रम ठरलेला आहे: गाळता येत असेल तर गाळा, नाही तर ‘ही’, ‘इट’, ‘वन’ घाला, तेही जमत नसेल तर तोच शब्द बिनदिक्कत परत लिहा. नवा शब्द शोधायची वेळ सहसा येतच नाही.

गाळलेलं कधी महागात पडतं

इंग्रजीत ‘द’सारखा एवढासा शब्द गाळला तरी माणसं कमी होतात. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर शॅल साइन’ याचा अर्थ दोन्ही पदं सांभाळणारा एकच माणूस, असा निघू शकतो. ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर’ म्हटलं की सह्या दोन. चेकच्या बाबतीत हा फरक बारीक नाही.

‘हिज’ हा दुसरा चकवा. ‘नाईक वॉश्ड हिज कार. सो डिड जोशी.’ जोशींनी कुणाची गाडी धुतली, स्वतःची की नाईकांची? इंग्रजी वाक्य दोन्ही सांगतं. मराठीत ‘नाईकांनी आपली गाडी धुतली, जोशींनीही’ म्हटलं की ज्याची त्याने धुतली हे उघड आहे. ‘आपला’ हा शब्द इंग्रजीकडे नाही, आणि असल्या वेळी त्यांची दया येते.

पैशातच मोजायचं तर अमेरिकेतल्या मेन राज्याचं उदाहरण घ्या. तिथल्या ओव्हरटाइमच्या कायद्यात काही कामांना जादा पगारातून वगळलं होतं. नाशवंत मालाची कामं होती ती: डबाबंद करणं, सुकवणं, साठवणं वगैरे लांबलचक यादी, आणि शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. मग ‘डिस्ट्रिब्यूशन’च्या आधी ‘पॅकिंग फॉर’ अध्याहृत धरायचं की नाही? धरलं, तर फक्त वाटपासाठीचं पॅकिंग वगळलं जातं. न धरलं, तर वाटप हे स्वतंत्र काम म्हणून वगळलं जातं. एका दूध कंपनीचे ड्रायव्हर म्हणाले, आम्ही माल वाटतो, बांधत नाही, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता ड्रायव्हरांच्या बाजूने सोडवली, आणि पुढच्या वर्षी प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटलं. चर्चा झाली ती स्वल्पविरामाची. मला त्यात दिसतात ते न लिहिलेले दोन शब्द.

म्हणून वकिलांच्या भाषेला नावं ठेवताना जरा थांबावं. फ्लॅटच्या करारात ‘द सेड फ्लॅट’, ‘द सेड बिल्डिंग’ दर ओळीला येतं, मराठीत ‘सदर सदनिका’, ‘सदर इमारत’. वाचून जीव उबतो. पण तिथे वाचक आपला मित्र नसतो. रिकामी जागा आपल्या फायद्याने भरायला टपलेला असतो. औषधाच्या सूचना, गॅसची शेगडी जोडायची कृती, परीक्षेचे नियम, इथेही परत लिहावं. तिथला वाचक टपलेला नसतो, घाबरलेला असतो.

मग तपासायचं कसं?

मी एकच गोष्ट करते. गाळलेली जागा आली की बोट ठेवून थांबते आणि मागच्या वाक्यातले शब्द, तेच, त्याच क्रमाने, मोठ्याने भरून बघते. ‘मिस्टर जोशी हॅज नॉट’, काय नॉट? ‘पेड द मेंटेनन्स’. बसलं. शब्दाचं रूप थोडं बदलावं लागलं तर हरकत नाही. नवा शब्द पदरचा घालावा लागला, तर मी जास्त गाळलंय.

ही परीक्षा माझ्याच नोटिशीला लावा. ‘सी विंग विल नॉट’, काय नॉट? मागे सापडतं ‘बी क्लोज्ड’. म्हणजे ‘सी विंग बंद होणार नाही.’ पण बंद व्हायचा होता तो पाणीपुरवठा, विंग नव्हे. मागच्या वाक्यात कर्ता ‘वॉटर सप्लाय’ होता, पुढच्यात मी गुपचूप ‘सी विंग’ला त्या खुर्चीवर बसवलं. रुमाल मी टाकला होता, पण भलत्याच डब्यात. विंग कशी बंद होणार, असं वाचकाला वाटलं, आणि त्याने मागचे शब्द सोडून स्वतःचे घातले: पाणी, मिळणार, नाही.

यंदा टाक्या धुवायची वेळ आली तेव्हा नोटीस पुन्हा माझ्याकडेच आली, बहुधा शिक्षा म्हणून. मी सरळ तीन पूर्ण वाक्यं लिहिली, तिन्हींत ‘वॉटर सप्लाय’, शेवटचं ‘वॉटर सप्लाय टू सी विंग विल नॉट बी क्लोज्ड ऑन आयदर डे’. पुनरुक्ती तर पुनरुक्ती. बोर्डाला टाचणी लावत होते, तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू बाहेर आल्या, चष्मा वर करून तिन्ही ओळी वाचल्या, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन खाली मराठीत लिहिलं: ‘ए शनिवारी, बी रविवारी. सी ला पाणी आहे.’